दुसरी भाषा आणि साडेचार वर्षं

धुळे-सोलापूर महामार्गावरचं, पैठण तालुक्यातलं पाचोड मोसंबीसाठी नावाजलेलं आहे. बहार उतरू लागला की आजूबाजूच्या शिवारातला माल इथे येतो आणि उत्तरेकडच्या बाजारपेठांत जातो. सौदा चालू असताना कान देऊन ऐकावं. शेतकरी व्यापाऱ्याशी दखनी वळणाच्या हिंदीत घासाघीस करतो, मान वळवून भावकीतल्या माणसाला हळूच विचारतो, "काय म्हंता, देऊन टाकू का?", आणि टनाचा हिशोब मनातल्या मनात मराठीतच मांडतो. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेला असेल तर घरच्यांशी गोरमाटीत बोलतो. यात काही विशेष आहे असं पाचोडमध्ये कुणालाच वाटत नाही. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र वाटतं.

दोन भाषा येणारा माणूस एक भाषा बोलत असतो तेव्हा दुसरी झोपलेली नसते. मायकेल स्पायव्ही आणि व्हायोरिका मेरियन यांनी 1999 साली रशियन आणि इंग्रजी येणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. समोर काही वस्तू मांडून रशियनमध्ये पोस्टाचं तिकीट उचलायला सांगितलं. तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. ऐकणाऱ्यांची नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडे वळून गेली. इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला गेला नव्हता, तरी ती आतून हजर होती. म्हणजे बोलताना दर वेळी एक भाषा पुढे करायची आणि दुसरी आवरून धरायची, हे काम मेंदू गुपचूप करत असतो. कपाळामागचा भाग आणि खोलवरच्या काही गाठी या कामाला जुंपलेल्या असतात. लक्ष एकाग्र करणं, चुकीची ओढ रोखणं ही कामंही बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेकडे असतात. जन्मभराच्या या मेहनतीचा मेंदूला काही फायदा होतो का, हा खरा प्रश्न.

टोरंटोच्या एलेन बियालिस्टोक आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या 184 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन भाषा वापरणाऱ्यांत आजाराची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसू लागली होती. लगेच शंका आली, आणि ती रास्त होती. टोरंटोतले बरेचसे द्विभाषिक बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते. फरक भाषेमुळे पडला की स्थलांतरामुळे, हे कसं सांगणार?

ही शंका बाजूला ठेवता येईल असं शहर हैदराबाद. तिथे तेलुगू, दखनी-उर्दू आणि इंग्रजी शेजारी-शेजारी नांदतात. दुसरी भाषा कानावर पडायला गाव सोडावं लागत नाही. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि एडिनबरा विद्यापीठाचे थॉमस बाक यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. त्यांतले 391 द्विभाषिक होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एकच भाषा येणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी 61.1 व्या वर्षी, तर द्विभाषिकांत 65.6 व्या वर्षी. शिक्षण, व्यवसाय, शहर की खेडं यांचा हिशोब वेगळा काढूनही फरक उरला. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, कधीच शाळेत न गेलेल्या रुग्णांतही तो दिसला. त्यांची दुसरी भाषा पुस्तकातून आलेली नव्हती.

पाचोडला हे परकं वाटू नये. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूत. आमच्याकडच्या एका पिढीने अर्ज एका भाषेत केले आणि गाऱ्हाणी दुसऱ्या भाषेत मांडली. म्हणून टोरंटोपेक्षा हैदराबादचे आकडे आपल्या माणसांना अधिक लागू पडावेत, असं मला वाटतं.

मात्र दुसरी भाषा आजार टाळत नाही. टोरंटोतच 2012 मध्ये रुग्णांचे सीटी स्कॅन ताडून पाहिले गेले. स्मृती आणि आकलन सारखंच असलेल्या रुग्णांपैकी द्विभाषिकांच्या मेंदूची झीज उलट जास्त होती. झीज होत राहते, पण मेंदू जास्त काळ तग धरतो. याला शास्त्रज्ञ बौद्धिक शिल्लक म्हणतात.

सगळे पुरावे एका बाजूचे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या हजारावर ज्येष्ठांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून 2014 मध्ये जो अहवाल आला, त्यात द्विभाषिकांना स्मृतिभ्रंश उशिरा होतो असं आढळलं नाही. तरुणांच्या चाचण्यांत तर चित्र आणखी फिकं आहे. 2018 मध्ये दीडशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लक्ष आणि संयमाच्या चाचण्यांत द्विभाषिकांची सरशी जवळपास विरून गेली. दोन भाषांनी मूल हुशार होतं ही जाहिरात त्यामुळे जपूनच ऐकावी. मूल गोंधळतं, मागे पडतं, ही त्याआधीची भीतीही तितकीच पोकळ. 1923 साली वेल्समधल्या चाचण्यांनी ती पसरवली होती. 1962 साली माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं निवडली, तेव्हा द्विभाषिक मुलंच पुढे निघाली.

मुळात हुशार माणसंच दुसरी भाषा शिकत असतील, हाही आक्षेप उरतोच. त्याला एडिनबराच्या नोंदींतून उत्तर मिळालं. तिथे 1947 मध्ये अकरा वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली होती. त्यांतले 853 जण सत्तरीत पुन्हा तपासले गेले. दुसरी भाषा येणाऱ्यांची कामगिरी त्यांच्या बालपणीच्या गुणांवरून जेवढी अपेक्षित होती त्याहून सरस निघाली. अठरानंतर भाषा शिकलेल्यांचीसुद्धा.

हैदराबादच्या गटाने पुढे पक्षाघाताच्या 608 रुग्णांकडे पाहिलं. 2016 चे आकडे बोलके आहेत: पक्षाघातानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषिक 40.5 टक्के, एकभाषिक 19.6 टक्के. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि इंग्रजी शाळेची फी भरताना पालकांनी लक्षात घ्यावी अशी एक नोंद 2013 च्याच अभ्यासात आहे: दोनाच्या पुढे तिसरी-चौथी भाषा येणाऱ्यांना जास्तीची वर्षं मिळालेली नव्हती.