खडकाचा स्वभाव आणि बिटाचें तोंड

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवच्या शिवारांत विंधनविहीर घेणारा शेतकरी फुटांच्या हिशेबानें पैसे मोजतो. परंतु ते फूट ज्यानें खोदले जातात तें नळीच्या टोकाचें पोलादी बिट त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतें. एरवीं पैशाचें पाणी होणें वाईट. येथें सारा खटाटोप त्यासाठींच असतो. भय असतें तें पैशाची धूळ होण्याचें.

महागांवच्या मातीखालीं काळा पाषाण आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो घडला. मात्र वरपासून खालपर्यंत तो एकजिनसी नाहीं. आधीं मुरूम, मग घट्ट दगड, कोठें बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या सांध्यांत कधीं कधीं विटकरी मातीचा पट्टा. पाणी सांपडतें तें बहुधा भेगांत, झिजलेल्या भागांत अथवा सांध्यांत. घट्ट दगडाच्या पोटांत नव्हे.

मऊ थराला पात्यांचें बिट पुरतें. तें फिरतां फिरतां माती खरवडतें. कठीण खडकावर तीं पातीं बोथट होतात. यावर अमेरिकेंत थोरल्या हॉवर्ड ह्यूज यांनीं 1909 सालीं दांतेरी शंकूंच्या बिटाचें पेटंट मिळविलें. पुढें 1933 सालीं तीन शंकूंचें बिट आलें. हे शंकू तळावर गडगडत जातात आणि वरच्या भारानें खडक चिरडतात. मऊ खडकासाठीं दांत लांब व विरळ, कठिणासाठीं आखूड व दाट. याच जिल्ह्यांतील वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यांत, वालुकाश्मांत, अशा बिटाला वाव आहे. खडकाचा अखंड नमुना हवा असेल तर मात्र हिऱ्यांचे कण बसविलेलें पोकळ बिट लागतें.

महागांवच्या पाषाणांत नुसत्या फिरण्यानें काम रेंगाळतें. तेथें हवेच्या दाबावर चालणारा हातोडा बिटाच्या पाठीशीं बसून छिद्रांत खालीं उतरतो. बिटाच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडच्या गोल गुंड्या असतात. हातोडा ठोके देतो, नळी सावकाश फिरते, म्हणून प्रत्येक ठोका नव्या जागीं पडतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. 1972 च्या दुष्काळानंतर अशीं यंत्रें महाराष्ट्रांत सर्वत्र दिसूं लागलीं.

परंतु घट्ट दगडांतला हा बहाद्दर चिकट लाल मातीशीं हरतो. हवेचीं भोकें बुजतात. वरची भिंत ढासळली तर हातोडाच अडकतो. म्हणून ठिसूळ भागांत केसिंग पाइप घालणें हा फाजील खर्च नव्हे. कडेच्या गुंड्या झिजल्या कीं भोंक नकळत अरुंद होत जातें, आणि मागाहून पूर्ण मापाचें नवें बिट घातलें तर तें मध्येंच आवळून बसतें. जाणता चालक यासाठीं मोठ्या मापाचें बिट आधीं वापरतो, झिजून लहान झालेलें मागाहून.

शेतकरी बहुधा नळ्या मोजत उभा असतो. त्यानें चुराही पाहावा. राखाडी, कोरडी पूड येत राहिली तर घट्ट दगड लागला आहे. पांढरे ठिपके दिसले तर मांजऱ्या. लालसर झाली तर सांधा. पूड ओलसर होऊन गोळे येऊं लागले, तर ती किती फुटांवर भिजली तें लिहून ठेवावें. दर नळीमागें मूठभर चुरा कागदावर ओळीनें ठेवला, तर पुढें शेजाऱ्याच्या विहिरीलाही तो उपयोगीं पडतो.