जन्म, मातेचे स्वातंत्र्य आणि लोकशाही

बालकाचा जन्म ही केवळ घरातील आनंदाची घटना आहे, की लोकशाहीशीही तिचे काही नाते आहे? ज्यू विचारवंत हॅना आरेण्ट यांनी १९५८ साली ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात या प्रश्नाचा सखोल विचार केला. त्यांनी तरुणपणी संत ऑगस्टीन यांच्या प्रीतिविचारावर प्रबंध लिहिला होता. मनुष्याच्या निर्मितीने जगात आरंभाचा प्रवेश झाला, हा त्या संताचा विचार त्यांनी राजकीय चिंतनात आणला. प्रत्येक बालकाबरोबर पूर्वी कधीही नव्हती अशी एक व्यक्ती जगात येते. परस्परांहून भिन्न अशी माणसे समानतेने एकत्र बोलू आणि कार्य करू लागली, की लोकशाही उभी राहते.

इटलीतील स्त्रीवादी तत्त्वचिंतक आद्रियाना कावारेरो यांनी पुढे एका उणिवेकडे लक्ष वेधले. बालक कोठून तरी अवतरत नाही, ते मातेच्या उदरी जन्म घेते. म्हणून जन्माचा गौरव करताना मातेला विसरून चालणार नाही.

आपल्या कोल्हापूरने हा विसर अनुभवला आहे. ऊस व दुधाने संपन्न असलेल्या या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या. महिला संघटनांच्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला होता. १९९४ साली केंद्राचाही कायदा झाला; तरी चोरून तपासण्या चालूच राहिल्या. तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसविण्यात आले. २०११ च्या जनगणनेत मुलींची संख्या ८६३ झाली. सुधारणा झाली, परंतु ती पुरेशी नव्हती.

‘ही स्त्रीचीच निवड आहे’ असे काही जण म्हणतात. परंतु वंशाला दिवा हवा म्हणून जिला तपासणीला नेले जाते, त्या सुनेचा निर्णय तिचा स्वतःचा कसा म्हणावा?

दुसरा दबाव कायद्याचा आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरते. २०११ साली पंचायतींत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. मात्र किती अपत्ये व्हावीत हे ठरविण्याचा अधिकार जिला घरात नाही, तिनेच त्या तिसऱ्या बाळंतपणापायी पंचायतीतील आपला आवाज गमवावा, हा न्याय नव्हे. घरचे मुलगा मागतात, शासन दोनच अपत्ये मागते. भार मात्र एकाच स्त्रीवर येतो.

गर्भपाताविषयी ख्रिस्तसभा व अनेक स्त्रीवादी विचारवंत यांच्यात खोल मतभेद आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘जीवनाची शुभवार्ता’ या विश्वपत्रात गर्भपाताला ठाम विरोध केला. स्त्रीवादी विचारात हा निर्णय स्त्रीचाच मानला जातो. हे मतभेद झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्याच विश्वपत्रात स्त्रीवर पतीकडून व कुटुंबाकडून येणाऱ्या दबावाचाही निषेध आहे. स्त्रीवर सक्ती करणे अन्याय आहे, याबाबत दोन्ही बाजूंचे एकमत होऊ शकते.

म्हणून सुरुवात आपल्या घरापासूनच करू या. मुलगी झाली तरी पेढे त्याच उत्साहाने वाटले जावेत, आणि पुढच्या अपत्याचा विषय निघाला की प्रथम सुनेचे मत विचारले जावे.