दातेरी विळा: धार कुठे लावायची, कुठे नाही

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की वैभववाडी तालुक्यात भातकापणीची घाई उडते. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याच्या या पट्ट्यात कुणगे लहान आणि पायऱ्यापायऱ्यांचे, त्यामुळे मोठं कापणी यंत्र सगळीकडे उतरत नाही. बरीचशी कापणी अजून हातानेच होते. घाट चढून गगनबावड्याकडे गेलं की उसाच्या फडात साध्या धारेचा जड कोयता दिसतो. भाताला मात्र हलका, दातेरी विळा सोयीचा. या विळ्याला धार लावावीच लागत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्याची धार उशिरा जाते, पण जाते. मग सवयीने तो कोयत्यासारखा दगडावर घासला की धार येण्याऐवजी दातेच झिजून जातात.

दाते काय काम करतात

साधा कोयता घावाने तोडतो. दातेरी विळा ओढीने कापतो. डाव्या हातात भाताची मूठ धरायची, विळा बुंध्याला लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. दात्यांची टोकं काड्या अडवून धरतात, निसटू देत नाहीत. आणि दोन दात्यांमधल्या खाचेतली धार त्या कापते. टोकं आधी झिजतात, पण आतली धार त्यांच्या आडोशाला असल्याने पुष्कळ दिवस टिकते. दाते बहुधा मुठीकडे कललेले असतात, कारण सगळं काम ओढतानाच होतं.

बोथट विळ्याने काय बिघडतं

भाताच्या काडीत सिलिका भरपूर असते. वाळूतही तीच असते, म्हणून गवतापेक्षा भात पातं लवकर झिजवतं. त्यात बुंध्याजवळची माती लागते आणि काडीचा चीक खाचांत वाळून बसतो. असा विळा कापत नाही, ओरबाडतो. झटका बसला की पिकलेल्या लोंबीतले दाणे तिथेच झडतात आणि ओल्या जमिनीतून रोप मुळासकट उपटून येतं.

दुसरं नुकसान पटकन दिसत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात भात ‘वैभव’ या दातेरी विळ्याने जमिनीलगत कापावं असं सांगितलेलं असतं. खोडकिड्याच्या अळ्या धसकटात राहतात, म्हणून धसकट जितकं आखूड तितकं बरं. पण विळा बोथट झाला की कापणारा नकळत वरून, मऊ भागात कापू लागतो.

आधी पातं नीट बघा

दातेरी पात्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही सारख्या नसतात. पातं उजेडात तिरकं धरा. एका बाजूला रेघा किंवा खाचा दिसतील, दुसरी बाजू सपाट किंवा किंचित उतरती असेल. आता खाचा किती लांब आहेत ते बघा. त्या बारीक रेघांसारख्या पात्याच्या अंगावर आतपर्यंत गेल्या असतील, तर तो छिन्नीने कोरलेला विळा. त्या फक्त काठापुरत्याच असतील, तर दाते धारेतच कापलेले आहेत. या दोघांना धार लावायची रीत एकदम उलटी आहे, त्यामुळे इथे चूक झाली की पुढची सगळी मेहनत वाया.

अंगावर रेघा कोरलेल्या असतील तर

या विळ्याच्या रेघांना हात लावायचा नाही. घासायची ती पाठची गुळगुळीत बाजू. ती बाजू झिजून काठ थोडा मागे सरकला की त्याच रेघांतून नवा दाता आपोआप उघडा पडतो. पातं वाकडं असल्याने विळा दगडावर नेण्यापेक्षा लहान दगडच पात्यावर फिरवावा. काठाला मुळात जेवढा उतार आहे तेवढाच ठेवून, पाणी लावून, मुठीपासून टोकापर्यंत हलके हात द्यावेत. कार्बोरंडमच्या दगडाची बारीक बाजू पुरेशी होते.

दाते धारेतच कापलेले असतील तर

इथे काम खाचेत करायचं, तेही फक्त उताराच्या बाजूने. खाच त्रिकोणी असेल तर तिकोनी कानस, गोल असेल तर गोल. कानस खाचेत अलगद बसली पाहिजे. जाड असली तर टोकं खाईल.

विळा व्हाइसमध्ये, दोन्हीकडे लाकडाच्या पट्ट्या घालून घट्ट धरावा. उतारावर मार्कर पेनने काळी रेघ ओढावी. कानशीचा एक हात दिल्यावर काळं नेमकं कुठलं गेलं ते दिसतं. फक्त तळाचं किंवा फक्त काठाचं गेलं असेल तर कोन चुकतो आहे. कोन जमला की प्रत्येक खाचेत दोन-तीनच हात, तेही पुढे ढकलतानाच. मागे येताना कानस उचलायची. सगळ्या खाचांना हात सारखेच द्यावेत, नाहीतर दाते उंचसखल होतात आणि काडी अडकते.

घासून झालं की पाठच्या बाजूला बोट काठाकडे सरकवून बघावं. खरखरीत कड लागते, तीच कीस. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एकच हलका हात दिला की ती निघते. जास्त घासलं तर नुकतीच आणलेली धार जाते. पारख सोपी: भाताची एक काडी सैल धरून विळा ओढा. काडी वाकली तर काम बाकी, तुटली तर झालं.

घरातली दातेरी पाती

पावाच्या सुरीलाही हीच रीत लागू. तिच्या खाचा उथळ आणि गोल असतात, म्हणून गोल पेन्सिलीवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून एकेका खाचेत फिरवावा. नारळाच्या खवणीला तिकोनी कानशीने खाचा मोकळ्या करून घेतल्या तरी पुष्कळ फरक पडतो. आंबा-काजूच्या छाटणीच्या करवतीचे दाते मात्र आधी पाहावेत. टोकं निळसर-काळी असतील तर ती कारखान्यात कडक केलेली असतात. कानस नुसती घसरते. तिथे पातंच बदलावं.

फिरत्या चाकावर का नको

धारवाल्याचं चाक सपाट काठासाठी ठीक. दातेरी पात्यावर ते आधी टोकं उडवतं, खाचेपर्यंत पोचतच नाही. शिवाय बारीक दाता क्षणात तापतो. काठ निळा पडला म्हणजे पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. ती धार टिकत नाही.

हंगामातली निगा

रोज संध्याकाळी विळा पाण्याने, ताठ ब्रशने खाचांतून घासून धुवावा, लगेच कोरडा पुसावा आणि तेलाचं फडकं फिरवावं. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो आणि तो खाचेतच आधी बसतो. दातेरी विळ्याने फाटी तोडू नयेत, बांधावरची झुडपं कापू नयेत. त्यासाठी कोयता आहे. हंगाम संपला की जाडसर तेल लावून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी टांगावा.

लोहाराकडे कधी जायचं

दाते मूळ उंचीच्या निम्म्यावर आले की घरच्या कानशीने भागत नाही. लोहार पातं लाल तापवून राखेत सावकाश निववतो, म्हणजे ते मऊ पडतं. मग नवे दाते काढतो, पुन्हा तापवून पाणी देतो आणि शेवटी पिवळसर रंग येईपर्यंत शेकतो, म्हणजे दाते कडक राहूनही तुटत नाहीत. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या विळ्यावर एवढा खटाटोप परवडत नाही. तो झिजला की नवा घ्यावा. मात्र घेतानाच दोन घ्यावेत, म्हणजे ऐन कापणीत एक धार लावायला घरी ठेवता येतो.