शब्द उमटावेत म्हणून : संवादक्षमतेच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी अर्थनियोजन

सायंकाळी काशीच्या दशाश्वमेध घाटावर गंगेची आरती सुरू होते, तेव्हा शंख, घंटा आणि डमरूंच्या नादाने सारा परिसर भारून जातो. पेशव्यांच्या आणि पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या स्मृती जपणाऱ्या या नदीकाठी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे आपल्या लेकरांना घेऊन येतात. त्या गर्दीत एखादे दोन वर्षांचे मूल शंख कानाशी वाजला तरी मागे वळून पाहत नाही. एखादे मूल मात्र त्याच नादाने व्याकूळ होऊन दोन्ही कान झाकून घेते. ‘किती शांत आहे’ किंवा ‘किती हट्टी आहे’ असे म्हणून आपण तो प्रसंग विसरतो. वास्तविक पहिल्या मुलाला श्रवणदोष असू शकतो आणि दुसऱ्याला स्वमग्नता. निदान अर्थातच तज्ज्ञांनी करावयाचे असते. परंतु शंका आल्यावर थांबून राहणे मात्र परवडणारे नसते.

विलंबाची किंमत

वर्षाच्या सुमारास मुलाने एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द उच्चारावा आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. श्रवणाबाबत आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेला क्रम असा : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस प्रारंभ. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात’ या समजुतीत गेलेली दोन वर्षे पुढे पैसे खर्च करून परत मिळवता येत नाहीत.

पहिली तपासणी खर्चिक नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात असून, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात विनामूल्य तपासणी होते. दोष आढळल्यास मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्यात येते.

खर्चाचे खरे स्वरूप

पालक धास्तावतात ते एकरकमी खर्चाला. अनुभव असा की, कुटुंबाची खरी दमछाक होते ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या लहान खर्चांनी. समजा, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे शुल्क प्रत्येक भेटीस ५०० रुपये आहे आणि आठवड्यातून दोन भेटी आवश्यक आहेत. तर वर्षाला ५२,००० रुपये आणि तीन वर्षांत १,५६,००० रुपये होतात. त्यात प्रवास आहे, बुडालेला रोजगार आहे. श्रवणयंत्र मोफत मिळाले तरी बाळाचा कान वाढतो तसा कानातील साचा बदलावा लागतो. बॅटरी आणि दुरुस्ती वेगळीच.

दिनांक २२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीतच सहायक साधनांच्या वाटपाचा मोठा कार्यक्रम पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला होता. अशा शिबिरांमुळे गरजू मुलांच्या हाती साधन येते, ही मोठीच गोष्ट होय. तथापि साधन मिळाले म्हणजे भाषा आली असे होत नाही. पुढील प्रशिक्षणाची तरतूद नसेल, तर ते यंत्र कपाटातच राहते.

प्रमाणपत्र : मदतीचे प्रवेशद्वार

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. श्रवणदोष, वाचा व भाषा दिव्यांगत्व आणि स्वमग्नता यांचा त्यात समावेश आहे. त्यानुसार मिळणारे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र म्हणजेच यूडीआयडी कार्ड पालकांनी प्रथम काढावे. हे कार्ड देशभर ग्राह्य असल्याने बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना आणि पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते सारखेच उपयुक्त आहे. काही पालक ‘शिक्का बसेल’ या भीतीने प्रमाणपत्र टाळतात. मुलाच्या स्थितीत त्यामुळे काही फरक पडत नाही. दारे मात्र बंद राहतात.

या दारांतून मिळणारे प्रमुख लाभ असे :

सहायक साधने : केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात. २०२२ साली सुधारलेल्या निकषांत मासिक २२,५०० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नास पूर्ण आणि ३०,००० रुपयांपर्यंत निम्मे साहाय्य ठरविले आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही या योजनेत मदत मिळते. परंतु त्यासाठी वयाची मर्यादा पाच वर्षे आहे. १९८३ साली स्थापन झालेली मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची समन्वयक आहे.

आरोग्य विमा : राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. नाममात्र शुल्कात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, पूर्वतपासणी लागत नाही आणि नियमित उपचारांचा खर्चही त्यात येतो. केवळ श्रवणदोष असलेल्या मुलांना मात्र ही योजना लागू नाही.

शिक्षण : चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत नजीकच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे.

आयकर : पूर्वीच्या कायद्यात कलम ८०डीडी म्हणून परिचित असलेली वजावट चाळीस टक्क्यांपासूनच्या दिव्यांगत्वास ७५,००० रुपये आणि ऐंशी टक्क्यांपासून १,२५,००० रुपये आहे. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, वजावट ठराविक मिळते. वीस टक्के दराने कर भरणाऱ्या पालकाचे ७५,००० रुपयांच्या वजावटीमुळे उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. हा लाभ जुन्या करपद्धतीतच उपलब्ध असल्याने पद्धत निवडण्यापूर्वी हिशेब अवश्य मांडावा.

बचतीची शिस्त

शासकीय साहाय्यानंतर उरणारा भार हलका करण्यासाठी तीन वेगळे कप्पे करावेत. पहिला, चालू उपचारांसाठी सहा महिन्यांच्या शुल्काइतकी रक्कम बचत खात्यात. दुसरा, यंत्राची दुरुस्ती व बदल यांसाठी आवर्ती ठेव. दरमहा २,००० रुपये भरल्यास पाच वर्षांत १,२०,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. तिसरा, मुलाच्या प्रौढपणासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीसारखी दीर्घ मुदतीची गुंतवणूक. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन असावे.

स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालक आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार खाते उघडण्यासाठी व चालविण्यासाठी ते ग्राह्य आहे. आपल्या शाखांतील सहकाऱ्यांनी ही तरतूद ध्यानी ठेवावी. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मातेला परत पाठविण्याची वेळ येऊ नये.

जे विकत घ्यावे लागत नाही

सर्वांत परिणामकारक सराव घरीच होतो आणि तो विनामूल्य असतो. तज्ज्ञाकडून पद्धत शिकून घेऊन जेवताना, अंघोळ घालताना, दिवा लावताना मुलाशी बोलत राहावे. बाहेर हिंदी वा भोजपुरी कानी पडते म्हणून घरातील मराठी सोडण्याचे कारण नाही. दोन भाषांमुळे भाषादोष उद्भवत नाही. ज्या मुलांना खुणांची भाषा अधिक सोयीची आहे, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वाराणसीत १९९० साली सुरू झालेल्या ‘किरण’सारख्या संस्था शिक्षण आणि उपचार एकत्र देतात. आपल्या गावाजवळील अशा संस्थेची चौकशी करावी.

घाटावरील नाद ज्याच्या कानी पोहोचत नाही, ते मूलही आरतीचे दिवे डोळे भरून पाहत असते. त्याला काही सांगावयाचे असते. शब्दाने असो वा खुणेने, ते त्याला सांगता यावे, यासाठी योग्य वेळी केलेली चौकशी आणि दरमहा बाजूला ठेवलेली थोडी रक्कम यांचे मोल फार मोठे आहे.