इंजिन बदललं, तरी गाडी ओढत नाही: निदानाची रीत आणि संशोधन

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो: "गृहीतक मांडायचं म्हणजे नक्की काय करायचं?" पुस्तकी व्याख्या सगळ्यांना पाठ असते. अडतं ते पुढे. एकाच परिणामाची दहा कारणं संभवत असतील, तर त्यातलं खरं कुठलं ते ठरवायचं कसं? आज हे आपण डिझेल पिकअपच्या उदाहरणावरून बघू. उदाहरण समजावण्यापुरतं रचलेलं आहे आणि आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण त्यामागचं शास्त्र कुठल्याही गॅरेजमध्ये लागू पडेल असंच आहे.

प्रश्न काय आहे?

समजा, रत्नागिरीतला एक गाडीवाला एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला पोचवतो. गाडी बीएस-४ काळातली, २.५ लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिन. जुनं इंजिन तेल खायला लागलं आणि शेवटी बसलं, म्हणून त्याने कर्ज काढून रिकंडिशन इंजिन बसवून घेतलं. आता गाडी हाफ सेल्फला सुरू होते, आयडलिंग गुळगुळीत आहे, रिकामी असताना पळतेसुद्धा. पण माल भरून साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की दम तुटतो. तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यात आणावी लागते आणि मागे काळा धूर निघतो.

मिस्त्री म्हणतो, "इंजिनच खराब दिलंय." इंजिन देणारा म्हणतो, "बसवण्यात चूक आहे." तिसरा कोणी सांगतो, "टर्बो बदलून टाक." यातलं प्रत्येक मत हजारो रुपयांचं आहे आणि हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा.

"नंतर झालं" म्हणजे "त्यामुळे झालं" नव्हे

इंजिन बदललं आणि मग ताकद गेली, म्हणजे दोष इंजिनात, हा तर्क साहजिक वाटतो. पण इंजिन बदलताना एकटं इंजिन बदलत नाही. इंटरकूलरचे पाइप सुटतात, व्हॅक्यूमच्या नळ्या निघतात, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते, वायरिंगचे सॉकेट आणि अर्थिंगची पट्टी काढून परत लावावी लागते, क्लच उघडतो. पाइपात कचरा जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं आतच राहून जाण्याचे प्रकारही घडतात. नोझल दुसरे आले असतील तर त्यांचे कोड ईसीयूत भरावे लागतात. म्हणजे एका "बदला"च्या आत पन्नास बदल दडलेले असतात.

उलट बाजूही बघा. काही गोष्टी *बदललेल्या नाहीत*. मरायला टेकलेल्या इंजिनाने जाळलेलं तेल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचलेलं असू शकतं. टर्बो जुनाच असेल तर त्याची झीजही नव्या इंजिनाच्या वाट्याला येते. थोडक्यात, जुन्याचं दुखणं नव्याला वारशात मिळतं. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळ घालणारे चल म्हणतात. प्रयोगशाळेत पंप बदलल्यावर निकाल बदलले, तर पंपाला दोष देण्याआधी विचारायचं: पंपासोबत आणखी काय काय हललं? आणि काय जुनंच राहिलं?

फुकटातला पुरावा आधी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी असेल तर पहिली तक्रार सकाळी थंड इंजिन सुरू करताना येते. आपली गाडी हाफ सेल्फला सुरू होते. एवढ्याने इंजिन निर्दोष ठरत नाही, पण "इंजिनच खराब" हे गृहीतक बरंच कमकुवत होतं. खात्री हवी असेल तर इंजिन न उतरवता कॉम्प्रेशन तपासता येतं.

दुसरा पुरावा धुराचा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. डिझेलच कमी पडत असतं (चोंदलेला फिल्टर, लाइनमध्ये हवा), तर ताकद गेली असती पण धूर काळा झाला नसता. क्लच घसरत असता तर इंजिनाचे फेरे वाढले असते आणि गाडी जागच्या जागी रेंगाळली असती. इथे फेरेच चढत नाहीत. म्हणजे एक पैसा खर्च न करता आपण हवेच्या मार्गापर्यंत आलो.

आता मोजमाप, तेही घाटातच

दोष भाराखाली दिसतो, मग मोजायचंही भाराखालीच. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर रेस देऊन घेतलेले आकडे इथे काही सांगणार नाहीत. स्कॅनर लावून, माल भरून, शेजारी बसलेल्याने आकडे टिपायचे. मुख्य आकडे दोन: आत किती हवा *शिरली* (एमएएफ सेन्सर, फिल्टरनंतर लगेच) आणि मॅनिफोल्डमध्ये किती दाब *पोचला* (एमएपी सेन्सर, टर्बो आणि इंटरकूलरच्या पुढे).

समजा २५०० फेऱ्यांना, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, असे आकडे आले:

- एमएएफ: ८८ ग्रॅम प्रति सेकंद
- एमएपी: १३० किलोपास्कल (या गाडीत इथे साधारण १७० अपेक्षित)
- मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान: ५० अंश सेल्सिअस

आता कागद-पेन घ्या. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. मिनिटाला १२५० वेळा २.५ लिटर, म्हणजे ३१२५ लिटर, म्हणजे सेकंदाला ५२ लिटर. सिलिंडर ९० टक्के भरतो असं धरलं तर ४७ लिटर. १३० किलोपास्कल आणि ५० अंशांना हवेची घनता लिटरला १.४० ग्रॅम. गुणाकार केला की सेकंदाला ६६ ग्रॅम.

शिरली ८८, पोचली ६६. मधली २२ ग्रॅम गेली कुठे? एकच वाट उरते: टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी गळती आहे.

इतर गृहीतकं काय सांगतात ते ताडून बघा. फिल्टर चोंदला, टर्बो फिरेना किंवा सायलेन्सर तुंबला, तर दोन्ही आकडे *एकत्र* घसरले असते. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असता, तर मॅनिफोल्डमध्ये धुराने जागा व्यापली असती आणि एमएएफ हिशोबापेक्षा *कमी* आला असता. इथे तो *जास्त* आहे. म्हणजे फरकाची दिशाच कारण वेगळं करते. चांगली चाचणी ती, जिच्यात प्रत्येक गृहीतक वेगळं उत्तर द्यायला बांधील असतं. सगळी गृहीतकं एकच उत्तर देणार असतील, तर ती चाचणी करून वेळच जातो.

काळ्या धुराचंही कोडं इथेच सुटतं. ईसीयूला ८८ ग्रॅम हवा दिसते, म्हणून तो वीसास एक या प्रमाणात ४.४ ग्रॅम डिझेल सोडतो असं धरू. सिलिंडरात हवा ६६ ग्रॅमच. प्रमाण झालं पंधरास एक. डिझेल पूर्ण जळायला कागदावरच साडेचौदापट हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. धूर काळाच निघणार.

स्वतःच्या निष्कर्षावर संशय घ्या

हिशोबात दोन कच्चे दुवे आहेत. पहिला, ९० टक्के हे आपण धरलेलं. ८५ धरलं तर ६२ ग्रॅम येतात, ९५ धरलं तर ६९. ८८ यायला सिलिंडर १२० टक्के भरावा लागेल, आणि अशा इंजिनात ते होत नाही. म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी निष्कर्ष टिकतो.

दुसरा, सेन्सरच खोटं बोलत असतील तर? इंजिन बंद, चावी चालू ठेवून एमएपी बघा. रत्नागिरीला समुद्रसपाटीजवळ तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. मग ईजीआर बंद ठेवून ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एमएएफ बघा. हिशोबाने साधारण १७ ग्रॅम यायला हवेत. आयडलिंगला पाइपात दाबच नसतो, म्हणून गळती असली तरी ती इथे जाणवत नाही. दोन्ही आकडे जुळले, तर सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. याला आपण नियंत्रण प्रयोग म्हणतो.

मग पाना हातात

आता पाइपांत धूर किंवा कमी दाबाची हवा सोडून, जोडांवर साबणाचं पाणी मारून बघायचं. समजा इंटरकूलरच्या खालच्या होजची क्लिप कडेवर चढलेली सापडली. ती नीट बसवायची, *फक्त तीच*, आणि त्याच चढावर, तेवढ्याच मालासह परत मोजायचं. एमएपी १७० आणि एमएएफ ८६-८७ आला की हिशोब जुळला. त्याच वेळी टर्बोही बदलला असता, तर गाडी ओढायला लागली असती, पण कशामुळे ते कधीच कळलं नसतं, आणि बिल मात्र दोन्हींचं आलं असतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातला एखादा न जुळणारा निकाल घ्या आणि कागदावर चार रकाने आखा: संभाव्य कारण, ते खरं असेल तर काय दिसेल, खोटं असेल तर काय दिसेल, तपासायला खर्च किती. दुसरा आणि तिसरा रकाना सारखाच भरला जात असेल, तर ती चाचणी खोडून टाका. उरलेल्यांत सगळ्यात स्वस्त असेल तिथून सुरुवात करा. गाइडकडे जाताना हा कागद सोबत न्या. "सर, सेटअप चालत नाहीये" यापेक्षा त्यावर बोलणं कितीतरी सोपं जातं.