१२० कोटींची पर्स, जितेशचे ११ कोटी आणि पॉइंट्स टेबलचं गणित

(ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले "अं" आणि "म्हणजे बघा" तेवढे गाळले आहेत.)

धंतोलीतून, आपल्या यशवंत स्टेडियमच्या परिसरातून बोलतोय. गेल्या भागानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. आयपीएलच्या मालकांकडे एवढा पैसा आहे, तर एखादा मालक सरळ सगळे स्टार उचलून का नेत नाही? आज त्याचंच उत्तर. आणि उदाहरण घरचंच घेऊ: अमरावतीचा जितेश शर्मा.

आधी पर्स समजून घेऊ

नेऊ शकत नाही, कारण पगाराला कमाल मर्यादा आहे. २०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाची पर्स होती १२० कोटी. मालक अंबानी असोत नाहीतर आणखी कोणी, आकडा सगळ्यांना सारखाच. त्यातच किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे, आणि त्यात परदेशी आठच्या वर नकोत. सामन्यामागे मिळणारी साडेसात लाखांची मॅच फी वेगळी.

आता लखनौचं बघा. निकोलस पूरनला २१ कोटी देऊन ठेवलं आणि ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. दोघांचे झाले ४८ कोटी, म्हणजे पर्सचे ४० टक्के. उरलेल्या ७२ कोटींत किमान सोळा जण आणायचे. घराचं बजेट असंच असतं ना? पगार ठरलेला आहे आणि ईएमआय मोठा घेतला, की किराण्यात काटकसर आलीच.

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये याच मर्यादेवरून मालक आणि खेळाडू इतके भांडले, की २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला. पुढच्या मोसमापासून मर्यादा लागू झाली. तिथे आणखी एक अट आहे: एका खेळाडूला संघाच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त पगार देता येत नाही. आपल्या १२० कोटींना ती अट लावली तर वरची रेषा २४ कोटींवर येते. म्हणजे पंतचे २७ आणि श्रेयस अय्यरचे २६.७५ कोटी, दोन्ही बाद! आयपीएलमध्ये ही अट नाही. संघाने आपला तोल आपणच सांभाळायचा.

जितेशचे ७ कोटी ११ कसे झाले

पंजाबने जितेशला २०२२ मध्ये घेतलं होतं २० लाखांना. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला मोठा लिलाव झाला. पंजाबने त्याआधी फक्त शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग हे दोघे ठेवले होते, जितेशला सोडलं होतं. पण आपला जुना खेळाडू परत घेण्यासाठी त्यांच्या हातात 'राइट टू मॅच' कार्ड होतं.

आरसीबीची बोली ७ कोटींवर थांबली. पंजाबने कार्ड काढलं. नव्या नियमानुसार आरसीबीला शेवटची एकच उडी मारायची मुभा होती, आणि त्यांनी थेट ११ कोटी म्हटलं. पंजाबने हात आखडला.

त्याच लिलावात आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादववर कोणीच बोली लावली नाही. आदल्याच वर्षी गुजरातने त्याला ५.८० कोटी दिले होते. पर्स ठरलेली असली की एकाकडे गेलेले चार कोटी दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातात. टीव्हीवर हातोडा पडताना दिसतो. ज्याचं नाव पुकारूनही हॉल गप्प बसतो, तो खेळाडू दिसत नाही.

आता टेबल

विजयाला २ गुण, सामना वाहून गेला तर १, गुण सारखे झाले तर नेट रनरेट. पहिले चार पुढे जातात, पण पहिल्या दोघांना एक जादा संधी असते. क्वालिफायर-१ हरला तरी आणखी एक सामना मिळतो. तिसरा-चौथा एकदा हरला की घरी.

२७ मे २०२५, लखनौ. साखळीतला शेवटचा सामना. आरसीबी १७ गुणांवर, गुजरात १८ वर. जिंकलं तर दुसरा नंबर, हरलं तर तिसरा. पंतने नाबाद ११८ ठोकल्या. अख्ख्या मोसमातल्या त्याच्या २६९ धावांपैकी ११८ एकट्या या डावात! लखनौचे झाले २२७. मग जितेश आला. त्या दिवशी कॅप्टनही तोच होता. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चेंडू राखून सामना खिशात. आरसीबी १९ गुणांवर.

पुढे ३ जूनला फायनल आली ती पंजाबविरुद्धच. जितेशने १० चेंडूंत २४ केल्या, आणि पंजाब हरलं ६ धावांनी. एका माणसामुळे कप आला असं मी म्हणणार नाही, पण २७ कोटींचा खेळाडू म्हणजे ११ कोटींच्या खेळाडूच्या अडीच पट खेळ, असा हिशोब लागत नाही, एवढं नक्की.

आणि ट्रेड?

लिलाव नसताना संघ आपसात खेळाडू बदलतात, तो ट्रेड. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन १८ कोटींवरच चेन्नईला गेला. बदल्यात राजस्थानला रवींद्र जडेजा आणि सॅम करन मिळाले. जडेजाचे १८ कोटी होते, ते झाले १४, करनचे २.४०. बेरीज करा: १६.४० कोटींत दोघे, शिवाय राजस्थानच्या पर्समध्ये १.६० कोटी मोकळे!

एनएचएलमध्ये करारात तशी अट नसेल तर खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. पण त्याने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केलेली चालत नाहीत. याच जडेजावर त्यावरूनच २०१० च्या मोसमात बंदी आली होती, आणि तेव्हाही त्याचा संघ राजस्थानच होता.

तेव्हा पुढच्या लिलावात "किती कोटींना गेला?" एवढंच बघू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात संघाची उरलेली पर्स आणि रिकाम्या जागा दाखवतात. उरलेल्या पैशाला रिकाम्या जागांनी भागा. तो आकडा बघा, आणि मे महिन्यात टेबलमध्ये कोण कुठे असेल याचा अंदाज आत्ताच लावून ठेवा.

तुमचा अंदाज व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!