पेनड्राइव्हच्या पोटातली रोजकीर्द

मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवांचे फोटो आम्ही स्कॅन करून पेनड्राइव्हवर घेतले होते. घाईत तो संगणकातून तसाच ओढून काढला आणि बरेच फोटो उघडेनात. मूळ प्रिंट घरोघरी परत गेल्या होत्या, त्या पुन्हा मागून आणल्या. दोन घरांत त्या सापडल्याच नाहीत. तेव्हा हे कशाने झाले ते समजून घ्यायला आम्ही बसलो.

पेनड्राइव्ह, मोबाईल, कॅमेऱ्याचे कार्ड या सगळ्यांत फ्लॅश मेमरी असते. तिच्यात लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावे लागते. लिहिणे पानापानाने होते, पण पुसायचा तो अख्खा ब्लॉक, म्हणजे अनेक पाने एकदम. शिवाय ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. महागड्या एसएलसी प्रकारात सुमारे १ लाख वेळा, तर स्वस्त टीएलसीत १ ते ३ हजारांच्या आसपास.

यावरचा तोडगा आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा निघाला. लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे, उलट नोंद करून चूक दुरुस्त करायची. फ्लॅशसाठी बनवलेल्या फाइल सिस्टिम तसेच करतात. फाइल बदलली की नवा मजकूर पुढच्या कोऱ्या पानावर आणि जुने पान रद्द. रद्द पाने साचली की ब्लॉकमधली चालू पाने दुसरीकडे उतरवून तो पुसतात. एकाच ब्लॉकची झीज होऊ नये म्हणून लिखाण सगळीकडे फिरवतात. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीची १९९९ची जेएफएफएस याच पद्धतीची. सॅमसंगची २०१२ची एफटूएफएस तर आज अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

पेनड्राइव्हवर मात्र बहुधा फॅट असते, फ्लॉपीच्या काळातली. कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता ती एकाच जागी ठेवते आणि दर वेळी तोच बदलते. आतली छोटी चिप तो गुपचूप नव्या पानावर उतरवते. फॅटला याचा पत्ताही नसतो! त्यात काही लिखाण संगणकाने स्वतःकडेच रोखून धरलेले असते. तक्ता अर्धवट असताना पेनड्राइव्ह ओढला, तर फोटो आत असूनही सापडत नाही. आमचे बहुधा हेच झाले.

आता आम्ही ‘इजेक्ट’ करूनच काढतो आणि काठोकाठ भरत नाही, कारण पाने हलवायला चिपलाही मोकळी जागा लागते. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवली आहे. हरवलेल्या दोन घरांतले फोटो १९७०च्या आसपासचे होते. त्यांच्या प्रती आणखी कुणाकडे असल्यास कार्यालयात आणून द्याव्यात, त्याच दिवशी परत करू.